गार्डाची पेटी

५ जानेवारी २०१६, तरसाली, बडोदा

दादाने विमानतळावरून येताना गाडीतच सांगून टाकलं. घरी पोचेपर्यंतही धीर नाही! कॅनडाचं झालं. आठ वर्षं कागद पाठवत होता, झालं एकदाचं. बारा फेब्रुवारीला तो आणि शालिनीवहिनी निघणार — कायमचे. मग बाबांचं काय, हे मी विचारायच्या आत त्यानेच मला विचारलं. "तू राहतोस का इथे? नाहीतर वाघोडिया रस्त्यावर एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. त्यांना महिनाअखेर कळवायचंय."

मी म्हटलं, बघतो. तेवढ्यात नडियादच्या पुढे रस्त्याकडेला एक उंट दिसला. मस्कतहून चार तासांवर वाळवंटात आमच्या कॅम्पवर असे चाळीस आहेत. मी जीप चालवतो, गोऱ्या म्हाताऱ्यांना वाळूच्या टेकड्या दाखवतो, संध्याकाळी उंटावर बसवतो. उंट बसताना आधी पुढचे पाय मुडपतो, म्हातारे किंचाळतात — ते सगळं दादाला सांगत बसलो. वासद येईपर्यंत उंटच चालला होता.

त्याने पुन्हा विचारलं नाही.

६ जानेवारी

बाबा सुकलेत. दिवाळीत न्हाणीघरात पडले ते अर्धांगाचंच होतं. डावा हात लोंबतो. शब्द एकेक करून येतात, मध्ये खूप जागा सोडून. डोकं मात्र लख्ख. काल मी दारात उभा, आणि ते घड्याळ बघून म्हणाले, "चाळीस मिनिटं... लेट."

चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड. भुसावळहून बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. नऊ वर्षांपूर्वी आई गेल्यावर दादा-वहिनींनीच सांभाळलं. मी त्या नऊ वर्षांत चार देश केले. कॉलेजही दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. मला एका जागी बसवत नाही, काय करू! बाबांना आता एकटं सोडता येत नाही — अंघोळीला माणूस लागतं, घास नीट गिळला का बघावं लागतं.

त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. दादा म्हणतो, आधी तुझं ठरू दे.

८ जानेवारी

युक्ती सापडली. बाबांना रोज कुठेतरी फिरायला न्यायचं. बाहेर असलं की मला कुणी काही विचारत नाही. श्रीकृष्णाची जुनी वॅगनार मागून आणली. श्रीकृष्ण म्हणजे शाळेतला, बारावीला माझ्याबरोबर नापास झालेला. आता दांडिया बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पोट सुटलंय, तीच खी-खी. म्हणाला, "घेऊन जा, पण वळताना रडते. तुझ्यासारखीच आहे."

बाबा पेटीशिवाय हलत नाहीत. गार्डाची असते तशी काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात व. स. सरोदे. खरी रेल्वेने परत घेतली, मग रिटायर झाल्यावर शहरातल्या वाडी भागातल्या एका कारागिराकडून हुबेहूब तशीच करून घेतली. तिच्यात थर्मास, औषधं, नॅपकिन, एक चादर. लहानपणापासून पाहतोय — कुठेही जायचं तर आधी सामान चढतं, आता पेटी. मग माणसं. बाबा शेवटी. बाहेर उभं राहून पुढून मागपर्यंत बघणार, सगळे आत आहेत ना. मग उजवा हात वर करून सावकाश हलवणार, आणि मग स्वतः चढणार. आता चढवावं लागतं, एवढाच फरक. बाकी सगळं तसंच.

आज नुसत्या सुरसागर तलावाला दोन चकरा. सेव-उसळ मी खाल्ली, त्यांना तिखट चालत नाही. माझ्याकडे बघत बसले.

१० जानेवारी

कामाटीबाग. रविवार, म्हणून ही गर्दी! फुलांच्या घड्याळापाशी बाबांनी मनगटावरचं बघितलं आणि मान हलवली. घड्याळ चार मिनिटं मागे होतं. मग मुलांच्या छोट्या आगगाडीपाशी बाकावर बसलो. गाडी तीनदा सुटली, तिन्ही वेळा बाबांचा हात वर. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने पाहिलं आणि त्यानेही हात केला. बाबा हसले. अर्धंच तोंड हसतं आता.

मग मध्येच म्हणाले, "हेरंबा... राहतोस?"

म्हणजे त्यांना माहीत आहे? की जेवायला राहतोस का, तसं? मी म्हटलं, पाणी आणतो. पाणी पेटीत होतं. तरी गेलो. वाटेत पोपटांचा पिंजरा. एक पोपट गुजरातीत शिव्या देतो, माणसं त्याला आणखी शिकवत होती. तिथे किती वेळ गेला कळलंच नाही. परत आलो तर बाबा उभे होते, एका हाताने बाक धरून. पाय थरथरत होते. शेजारचे एक काका मला झाडायला लागले, "भाई, आमने एकला मुकीने जवाय?" यांना असं एकटं टाकून जातात का, म्हणून.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. या घरात कुणी दोनदा विचारत नाही.

१४ जानेवारी

उत्तरायण. खुर्चीसकट बाबांना वर अगाशीवर, गच्चीत नेलं, मी आणि श्रीकृष्ण. उंधियू, जिलबी, चारी बाजूंनी "काय पो छे". बाबांच्या मांडीवर फिरकी दिली, चांगल्या हाताने धरून बसले. आमचे सगळे पतंग कापले गेले. श्रीकृष्ण म्हणाला, "मस्कतला वारा नाय का रे? विसरलास सगळं."

दादाने दिवसभरात एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

१७ जानेवारी

सिंधरोट, मही नदीचा काठ. पाणी कमी. बाबांना पुलावरून जाणारी गाडी बघायची होती, पण तो रेल्वेचा पूल नव्हेच. मी चुकीच्या ठिकाणी नेलं.

२१ जानेवारी

दादा आज बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. टॉवेलच्या घड्या करत करत म्हणाला, "तू नाही म्हण. निदान नाही तरी म्हण ना, हेरंब." मी सांगितलं की सीझन चालू आहे, मार्चपर्यंत सोडणार नाहीत, नंतर बघू. दादा म्हणाला, "नंतर कुणी नसेल इथे."

ठरलं असं की रविवारी त्या वृद्धाश्रमात सगळ्यांनी जायचं. पिकनिक म्हणून. चांगली बाग आहे, आंब्याची झाडं आहेत. बाबांना जागा दाखवायची, सांगायचं मागाहून.

कल्पना माझी. फिरवणं माझा धंदाच आहे. गिऱ्हाइकाला कुठे नेतोय ते आधी सांगायचं नसतं.

२२ जानेवारी

बाबांनी वहिनीला आपले सगळे शर्ट इस्त्रीला द्यायला लावले. सगळे! आता कुठला सण आहे?

२४ जानेवारी

नऊ चाळीसला निघालो, दादाच्या गाडीतून. सकाळी पेटी मीच उचलली. जड! हात निखळला. मी वैतागून म्हटलं, बाबा, दगड भरलेत का? ते म्हणाले, "असू दे."

जागा वाईट नाही. लांब ओटा, मोगऱ्याची झाडं, फिनाईलचा वास. सांभाळणाऱ्या जशुबेन, जाड चष्मा, मोठा आवाज. आंब्याखाली चादर घालून वहिनीने थेपले आणि बटाट्याची भाजी वाढली. वहिनी सारखी डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणत होती. बाबा सगळं जेवले. मग म्हणाले, दाखवा. आम्ही कुणीच काही दाखवतो म्हटलं नव्हतं.

जशुबेन खोलीत घेऊन गेल्या. तीन पलंग, दोन भरलेले. बाबांनी खिडकी उघडून बघितली, दिवा लावून बघितला. विचारलं, "जेवण... किती वाजता?" साडेबारा आणि साडेसात. "टायमात?" जशुबेन म्हणाल्या, "एकदम टायमात, काका."

तीन वाजता निघालो. दादा गाडीत बसला, वहिनी बसली, मी बसलो मागे. बाबा बाहेर. नेहमीप्रमाणे पुढून मागपर्यंत बघितलं. आणि म्हणाले, "पेटी उतरव." दादाला म्हणाले. दादाने डिकी उघडून पेटी उतरवली, फाटकाच्या आत नेऊन ठेवली. काही बोलला नाही, विचारलंही नाही, नुसती उतरवली! मी मागच्या सीटवर, मी काय करणार! मग बाबांनी उजवा हात वर केला, सावकाश हलवला.

गाडी सुटली. ते चढले नाहीत.

पेटीत शर्ट होते. इस्त्रीचे.

२५ जानेवारी

दादाशी बोलणार नाही. हात कसा धजावला त्याचा.

२८ जानेवारी

तीन दिवस श्रीकृष्णाच्या दुकानात. उघडलेले फोन बघत बसतो. त्याला सगळं सांगितलं — दादाने कशी पेटी उतरवली, एक शब्द न बोलता. तो म्हणाला, "तू का नाही थांबवलंस?" मी म्हटलं, मी मागे होतो. तो म्हणाला, "मागचा दरवाजा उघडत नव्हता का?" मस्करीत. मी उठून वाडीच्या गल्लीबोळांतून भटकलो. एक माणूस पत्र्याच्या पेट्या रंगवत होता, काळा रंग, एकीवरून दुसरीवर. अर्धा तास उभा होतो तिथे.

घरी आलो तर वहिनी बाबांची गादी उन्हात टाकत होती. मी दादाबद्दल काहीतरी बोललो. ती थांबली. म्हणाली, "भावजी, त्या दिवशी मीपण गाडीत होते."

एवढंच. आणि गादी उलटी केली.

३१ जानेवारी

वाघोडिया रस्त्याला गेलो होतो. चिकू घेतले बाबांसाठी. फाटकाबाहेरून ते दिसले, ओट्यावर खुर्चीत. साडेबाराला दोन मिनिटं होती, ते घड्याळ बघत होते. घंटा झाली. आधी बाकीचे म्हातारे आत गेले, एकेक करून, काठ्या टेकत. बाबा ओट्यावर उभे, सगळे आत जाईपर्यंत. शेवटी ते गेले.

चिकू रिक्षावाल्याला दिले.

२ फेब्रुवारी, अहमदाबाद, विमानतळ

चोवीस तारखेचं मी खोटं लिहिलंय. पेटी दादाने उतरवली नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता, खाली उतरलाच नाही. वहिनीचा हात त्याच्या पाठीवर. डिकीपाशी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. "पेटी उतरव" असं बाबा म्हणालेच नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, "हेरंबा... राहतोस?"

मी पेटी उचलली आणि फाटकाच्या आत नेऊन ठेवली.

मग त्यांनी हात वर केला.