चौथा पुकारा

प्रिय ग्यानबामामा,

“रहीम खालीऽऽ!”

“विठ्ठल खालीऽऽ!”

“मुकुंद खालीऽऽ!”

पन्नास वर्षं होत आली, तरी दुपारी जरा डोळा लागला की हे आवाज येतात. उभ्या ज्वारीवरून तरंगत येतात आणि तिसऱ्या नावापाशी थांबतात. चौथं नाव येत नाही. मी दचकून उठतो. सून विचारते, “बाबा, स्वप्न पडलं का?” तिला काय सांगू?

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुमच्या नावानं एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलो तो भांडायला! होय, भांडायलाच. थोडं खात्याशी आणि बरंचसं तुमच्याशी.

झालं असं. परवा वीज खात्यातले एक तरुण साहेब बाळापूरला घरी आले. नव्या लाइनमन आणि इंजिनियर पोरांसाठी उद्या हिंगोलीत शिबिर आहे. विषय झोकदार: ‘नेतृत्व, संवाद आणि स्वतःची घडण’. म्हणाले, “काका, तुम्ही ग्यानबा मिस्त्रींच्या टोळीतले. दोन शब्द सांगा.” मला हसू आलं. तुम्ही चौथी पास. नेतृत्व हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला असेल तर शपथ! पण विषय तुमचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मी हौसेनं चार पानं लिहून दिली. काल ती परत आली. तिसऱ्या पानावर तांबड्या पेनानं चौकट आणि शेजारी शेरा: ‘हे वगळावे.’ फोन केला तर साहेब गोड आवाजात म्हणाले, “काका, अपघाताचं कशाला? पोरांना उमेद येईल असं सांगा. शिवाय कागदोपत्री चूक मिस्त्रींचीच आहे. आता उकरून कुणाचं भलं होणार?”

कागदोपत्री! मी फोन ठेवला. मग ती चार पानं घेतली, चौकटीतलं तेवढं कापून खिशात घातलं आणि बाकीचं पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. उद्या बोलणार ते एवढंच.

तुम्ही म्हणाल, “मास्तर, तुजी खोड गेली न्हाई.” मास्तर! शाळेतल्या कवितांचं वेड म्हणून तुम्हीच हे नाव ठेवलंत. पाचवीच्या पुस्तकातली अख्खी कविता मी खांबावर चढून, तारा ओढताना खड्या आवाजात म्हणायचो. खाली गुराखी जमायचे. तुम्ही ओरडायचात, “मास्तर, कविता खाली आल्यावर! वर फकस्त हात चालू दे!”

कसे दिवस होते ते! दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. आपण गावागावात वीज नेत होतो. तुम्ही मिस्त्री आणि खांबावर चढणारे आम्ही चौघं. रहीम, विठ्ठल, मी आणि सगळ्यात चपळ किसन. दिवसभर रानात, दोन वेळा भाकर-ठेचा, आणि संध्याकाळी एखाद्या गावात पहिला दिवा लागला की म्हाताऱ्या त्या बल्बलाच हात जोडायच्या.

आणि तुमचा तो नियम! खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. डीपीपाशी, ट्रान्सफॉर्मरखाली, स्विचचं हँडल धरून तुम्ही उभे. ज्यानं त्यानं काम संपवून उतरायचं, हत्यारं मोजायची आणि आपलं नाव आपल्या तोंडानं पुकारायचं. चार नावं कानावर आल्याशिवाय हँडल हलायचं नाही. आवाज पोचला नाही तर तुम्ही स्वतः त्या खांबापर्यंत चालत जायचात, मग तो फर्लांगभर का असेना.

मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, “मामा, शेजारच्या खांबावरचा दिसतो की आम्हाला. त्याचं नाव आम्ही सांगितलं तर काय बिघडलं?”

“तुला भूक लागली का न्हाई, हे विठ्ठल सांगंल का?”

“नाही.”

“मंग त्याचं काम सरलं का न्हाई, हे तू काहून सांगतू?”

विषय संपला. तुमची शिकवणी एवढीच असायची.

त्या पुकाऱ्यात लहानमोठं कुणी नव्हतं. एरवी होतं. आठवतं ना ते गाव? आम्हाला तांब्या आणि तुम्हाला वरून ओंजळीत पाणी. सरपंच तर माझ्याच आत्याचे दीर. मी मान खाली घालून पीत राहिलो. रहीमनं मात्र आपला तांब्या जमिनीवर ओतला आणि म्हणाला, “मिस्त्रीला जसं, तसंच आमालाबी.” तुम्ही हसलात. “रहीम, पानी सांडू नको बाबा. पानी मोलाचं हाय.” आणि त्याच संध्याकाळी त्याच गावानं हात बांधून वाट पाहिली, तुम्ही हँडल कधी खाली ओढता याची.

साहेबलोकांना तुमचा पुकारा म्हणजे वेळ घालवणं वाटायचं. वारंगा फाट्यावर एकदा ज्युनियर साहेब जीपमधून उतरले ते चिडूनच.

“अहो मिस्त्री, ही काय शाळेची हजेरी आहे? करा चालू!”

“करतो की, साहेब. फकस्त तुमी इकडं या, हँडल तुमी धरा. अन् कागदावर तेवढं लिहून द्या, की माणसं खाली हायती म्हनून.”

साहेब परत जीपमध्ये जाऊन बसले. आम्ही खांबावर इतके हसलो की विठ्ठलची टोपी खाली पडली. कुठे शिकलात हो हे? आवाज न चढवता नाही म्हणणं?

आता ती संध्याकाळ. लिहितो.

सिद्धेश्वरच्या कालव्यालगतचं गाव. दिवस कलला होता. सगळं गाव चावडीपुढे जमलेलं, पोरं पिंपळावर चढलेली, ज्युनियर साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालताहेत. किसनचा खांब कालव्यापलीकडे, शेवटचा. माझा अलीकडे. वारं उलट्या दिशेचं. रहीमनं पुकारलं. विठ्ठलनं पुकारलं. मी पुकारलं. चौथा आवाज येईना.

मी वळून पाहिलं. किसन उतरत होता. त्याचे पाय जमिनीला लागले, त्यानं कमरेचा पट्टा सोडला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मामा, खोटं नाही. त्यानं तोंडाभोवती हात धरले, काहीतरी ओरडलाही. वाऱ्यानं ऐकू दिलं नाही. तिकडे साहेब ओरडताहेत, गाव ताटकळलंय. आणि खरं सांगू? आज पहिल्यांदा सांगतो. साहेबांची घाई हे निमित्त होतं. माझ्या कानात तीन चरण वाजले होते आणि चौथा अडला होता. कविता अर्धी राहिली की माझा जीव कासावीस होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती पुरी झाली पाहिजे, बस! मी त्याच्यासारखा बारीक, लांबट आवाज काढला आणि पुकारलं.

“किसन खालीऽऽ!”

चार चरण पुरे झाले. तुम्ही हँडल ओढलं. गावात उजेड पडला, पोरांनी आरोळी ठोकली. आणि त्या आरोळीत कालव्यापलीकडून एक वेगळाच आवाज आला.

किसनची पकड वर आडव्या पट्टीवर राहिली होती. हत्यारं मोजताना ते कळलं, म्हणून ‘थांबा’ असं ओरडून ती आणायला तो परत चढला होता. दोन मिनिटांचं काम म्हणून पट्टा न बांधता.

जगला तो. उजव्या हाताची तीन बोटं गेली, पाय मोडला तो वाकडाच बसला. तुम्ही त्याला पाठीवर घेऊन कालव्याच्या पाण्यातून आलात. तुमच्या खांद्यावर त्याचा हात कसा लोंबत होता! मी काठावर उभा. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. पुकारा कुणाचा, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मला त्या नजरेवरून कळलं.

आठ दिवसांनी चौकशी झाली. दाराबाहेर मी उभा होतो. माझं नाव सांगायचं ठरवून आलो होतो, देवाशपथ. तुम्ही आत जाता जाता माझा दंड धरलात.

“मास्तर, गप ऱ्हायचं. नवी नौकरी हाय तुजी.”

“पण मामा, मी...”

“हँडल माझ्या हातात होतं. पुकारा बराबर हाय का न्हाई, वळखायचं काम माझं. चूक माझी.”

आणि तुम्ही आत गेलात. कागदावर आलं: ‘मिस्त्रीचा निष्काळजीपणा.’ तुमची टोळी गेली. निवृत्तीपर्यंत तुम्ही भांडारात तारांची भेंडोळी मोजत बसलात. ज्या माणसाच्या कानावर चार माणसांचा जीव अवलंबून असायचा, त्या माणसाला खिळे मोजायला बसवलं! साहेबांना तुमचं नाव लिहायला क्षणभरही जड गेलं नाही. सरपंचाच्या नात्यातल्या पोराचं नाव लिहायला गेलं असतं. का, ते तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

इथेच माझं भांडण आहे, मामा. गावभर लोक म्हणतात, ग्यानबा मिस्त्रीनं चूक कुणावर ढकलली नाही, केवढा मोठा माणूस! मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. आज म्हणत नाही. तुमचा नियम काय होता? ज्याचं नाव त्याच्या तोंडून. मग माझी चूक तुमच्या तोंडून का? त्या दिवशी तुम्हीही माझ्या वतीनं पुकारलंत की! मला वाचवलंत म्हणे. कशातून? मी पुढे मिस्त्री झालो, फोरमन झालो, हारतुरे घेतले. आणि माझ्या हाताखालची पोरं जेव्हा चुकून माझ्यापुढे उभी राहायची, तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. चूक कबूल करायला मी त्यांना कसं शिकवणार होतो? मलाच ते येत नव्हतं. त्या दाराबाहेर एकदाच ती संधी होती आणि तुम्ही माझा दंड धरलात.

रागावलात? रागवा. पण मला ठाऊक आहे, तुम्ही चिडत नाही. कानावरची विडी काढून म्हणाल, “बराबर बोलून राहिलं लेकरू.”

तरी दोष तुमच्यावर ढकलून मी सुटत नाही. तुम्ही त्या चौकशीपुरतं गप्प राहायला सांगितलं असेल. पन्नास वर्षं गप्प राहायला कुणी सांगितलं होतं? तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आलो होतो. तुमची मुलगी बाहेर चहा ठेवायला गेली. आपण दोघंच होतो. मी तेव्हाही पावसापाण्याचंच बोललो!

आणि किसन. वारंगा फाट्याला त्यानं भज्यांचं दुकान टाकलं. दोन बोटांनी काय झारा चालवायचा! मी एसटीनं जाताना फाटा आला की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचो. त्याला वाटतं, मिस्त्रीचा कान चुकला. अजूनही वाटतं. तुमच्या मयतीलाही तो आला नाही. त्याला वाटतं, मी फोरमन झालो म्हणून ओळख विसरलो. माझ्या दाराची पायरी तो आजवर चढलेला नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं ये म्हणणार?

म्हणून ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं मी आधी फाट्यावर उतरणार. किसनला सांगणार. तो झारा फेकून मारेल, मारू दे. पोरांच्या आधी त्याचा हक्क आहे. मग हिंगोलीला जाणार आणि त्या माइकवर, तांबड्या चौकटीतलं सगळं, शब्द न गाळता वाचणार. साहेबांनी माइक बंद केला तर काय! ज्वारीच्या रानावरून फर्लांगभर पोचणारा आवाज आहे माझा. म्हातारा झालाय, मेलेला नाही. चौथा पुकारा मी केला होता, हे मी माझ्या नावानिशी सांगणार. ‘मिस्त्रीचा निष्काळजीपणा’ ही ओळ खोडली जावी म्हणून अर्जही देणार. नाही खोडली तर दर महिन्याला देणार. वचन आहे, मामा. माझं आहे, आणि ह्या वेळी माझ्याच तोंडचं.

पन्नास वर्षं मी त्या खांबावरच आहे. आता उतरतो.

तुमच्या टोळीतला,
मुकुंद मास्तर

ता. क. सही करून शाई वाळायची वाट बघत होतो, तर फाटकापाशी रिक्षा थांबली. मला वाटलं, साहेबच आले समजूत घालायला. खिडकीतून बघतो तर कुणीतरी काठी टेकत, वाकड्या पायानं उतरतंय. रिक्षावाला हात देतोय आणि हा झिडकारतोय. जमिनीवर दोन्ही पाय टेकले, मग मान वर करून माझ्या घराकडे बघितलं आणि तोंडाभोवती हात धरले. एका हाताला दोनच बोटं.

“किसन खालीऽऽ!”

अख्खी गल्ली बाहेर आली, मामा! सून धावत आली, “बाबा, हे कोण?”

आता काठीनं दार वाजवतोय. “ए मास्तर! त्या साहेबाचा फोन आल्ता मला. म्हणे मुकुंदरावाला जरा समजवा, अपघाताचं काहीबाही बोलणार हाय. काय बोलणार हायस, आँ? उघड की दार! काहून बसून राहिला आत?”

उठतो.