दहा ग्रॅमचा दोरा

६ नोव्हेंबर १९७२, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

नायलॉनचे दोरे कापत बसलो आहे. सव्वापाचपासून बारा कापले, तीन पास झाले. दोऱ्याचे टोक सराफी तराजूच्या एका पारड्यावर उभे दाबायचे, दुसऱ्यात दहा ग्रॅमचे वजन. वजन उचलले जाईल त्याच क्षणी दोरा वाकला पाहिजे. आधी वाकला तर लांब आहे, आणखी कापायचा. वाकलाच नाही तर आखूड झाला, फेकायचा. आज नऊ फेकले. पुणतांब्याच्या कोळ्यांकडून आणलेला गळाचा दोरा आहे, फुकट जातो तेव्हा जीव तुटतो.

दोरा लाकडी दांडीत बसवला की डॉक्टरांचे उपकरण तयार. महारोगाने बधिर झालेल्या हातावर तो वाकेपर्यंत टेकवायचा आणि विचारायचे — कळलं का? डॉ. निसळ म्हणतात, बाकी सगळीकडे कापसाने नाहीतर टाचणीने तपासतात, ज्याच्या त्याच्या हाताच्या जोराने. आपल्याकडे प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, दहा ग्रॅमच.

मला इथे चौदा महिने झाले. त्याआधी नववी सोडून नगरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो. डॉक्टरांनी दुरुस्त झालेला रेडिओ पाहिला नाही, माझी पावती पाहिली. "हे अक्षर कोणाचं?" एवढेच विचारले आणि घोडेगावच्या पुढे या दवाखान्यात घेऊन आले. अजून हंगामी आहे. मार्चमध्ये ठेवतात की नाही, कळेल.

९ नोव्हेंबर, गुरुवार.

दिल्लीच्या पदकासाठी डॉक्टरांचे नाव सुचवले गेले आहे. मज्जातंतूंवर आणि वैद्यकीय उपकरणांवर काम करणाऱ्या एकालाच दरवर्षी मिळते. इंग्रजी अर्ज ते स्वतः टाइप करतील. कार्याचा मराठी वृत्तांत आणि सगळे तक्ते माझ्याकडे.

आज फेऱ्या मारत सांगत होते, मी लिहीत होतो. १९३८, डॉक्टरी. १९५१, इथे आले — तेव्हा एक विहीर आणि दोन पत्र्याच्या खोल्या. १९५८, मऊ रबराच्या चपला. त्यामुळे पायाच्या जखमा निम्म्यावर आल्या. १९६३, वाकड्या बोटांच्या शस्त्रक्रिया. १९६७, हा दोरा. १९७०, कोपराजवळचा सुजलेला मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया, तिने बधिर हाताला संवेदना परत येते. हे शेवटचे सर्वांत मोठे. एक्केचाळीस रोगी, हातावर वीस ठिकाणे. शस्त्रक्रियेआधी सरासरी चार ठिकाणी कळत होते, नंतर पंधरा.

"निम्मं खोडून टाक," मध्येच म्हणाले. "माणूस मेल्यासारखं वाटतंय." मी खोडले नाही.

शेवटी म्हणाले, "लिही. उपकरणाची निर्मिती आणि सर्व मोजमापे, श्री. जालिंदर वाबळे." स्वतःचे नाव लिहिताना मी थांबलो. "शुद्धलेखन येत नाही का तुला?" म्हणाले.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

तक्त्याची तिसरी प्रत. एक आकडा चुकला म्हणून सगळा कागद पुन्हा. डोके दुखते. डाव्या करंगळीवर मोठा फोड — रोग्यांचे हात शेकायच्या मेणाच्या टबाची तापलेली कड लागली असावी. सुमनबाई सिस्टरांनी मलम लावले. "भाजलं तेव्हा कळलं नाही व्हय रे?" कामात होतो.

१४ नोव्हेंबर.

विहिरीला पाणी दोन हात. कपडे धुणे बंद. तक्ते पूर्ण.

२१ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.

लिहावे की नाही, हा विचार करत तासभर बसलो.

रोग्यांचे आखडलेले हात जिथे कोमट मेणात शेकतात, त्या खोलीत काडेपेटी आणायला गेलो होतो. दार लोटलेले होते. आत रंगनाथ माझी नक्कल करत होता. पारनेरकडचा हा साठीचा म्हातारा माझ्या तक्त्यात सातवा आहे. हुबेहूब माझा आवाज, घशातल्या घशात — "अकरा… बारा…" माझ्याच तक्त्यातली साळूबाई डोळ्यांवर टॉवेल घेऊन बसली होती. दर आकड्याला म्हणायची, "व्हय." मग रंगनाथ गप्प बसला, तर तीही गप्प. मग "तेरा." "व्हय." सगळी खोली हसली. मग मी दिसलो.

डॉक्टरांचा नियम असा की रोग्याचे डोळे बांधायचे आणि अधूनमधून दोरा न टेकवताच थांबायचे. तेव्हाही कोणी "व्हय" म्हणाला, तर तो अंदाजाने बोलतो आहे हे कळते. एकही ठिकाण सुटू नये म्हणून मी आकडा पुटपुटतो. रिकाम्या वेळी पुटपुटत नाही. हे मला आजवर माहीतच नव्हते.

"मी मोठ्याने म्हणतो?"

"मोठ्यानं न्हाई रं," रंगनाथ म्हणाला. "पन हात मेलेत आमचे, कान न्हाई मेले."

"मग सांगायचं नाही का, कळत नाही म्हणून?"

साळूबाईने टॉवेल काढला. "आरं बाबा, आमी न्हाई म्हनलं की तू त्या दिशी धड जेवत न्हवतास. आन् सिस्टर म्हनली, आकडं चांगलं आलं तर पोराला कायम करत्याल. आमाला काय, व्हय म्हनायला पैसं पडत्यात?"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी कसं. ज्येला खरंच कळतंय त्यो खरं सांगतोय की."

कोणाला खरेच कळते, ते मात्र तिलाही सांगता येईना.

२३ नोव्हेंबर.

सांगितले नाही. डॉक्टरांना ताप आहे.

२४ नोव्हेंबर.

ताप उतरला. सांगितले नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार.

अर्ज गेला. नगरला मीच रजिस्टर करून आलो. पोस्टात रांगेत उभा होतो, पाकीट हातात होते. माझी पाळी आली तेव्हा मागच्या माणसाला पुढे जाऊ दिले. मग त्याच्या मागच्यालाही. तिसरा म्हणाला, "पावनं, टाकायचंय का परत न्यायचंय?" टाकले.

परतताना रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका दिसल्या. घण बसला की खडी फुटते, नाही बसला तर फुटत नाही.

३ डिसेंबर, रविवार.

आज सांगितले. डॉक्टर व्हरांड्यात चपलेचा पट्टा शिवत होते. सगळे उभ्यानेच सांगितले, आकडे कसे पुटपुटतो तेही करून दाखवले. त्यांनी सुई अडकवून चप्पल खाली ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"बारा दिवस झाले."

"म्हणजे अर्ज जायच्या आधी."

"हो."

चौतीस वर्षे नोकरी केलेला माणूस, पण एवढे थकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मला वाटले, आता सामान बांधायला सांगतील.

"चूक तुझी एकट्याची नाही," म्हणाले. "मी एकदाही शेजारी येऊन बसलो नाही. आकडे मला हवे तसे येत होते ना." मग म्हणाले, "बारा दिवस मात्र तुझे."

संध्याकाळी त्यांनी दिल्लीला पत्र टाइप केले. तक्ता रद्द समजावा, नाव मागे घ्यावे. माझ्याकडे कार्बन प्रत दिली. "फाइलला लाव. तारीख घाल."

४ डिसेंबर, सोमवार.

पुन्हा मोजणी. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. ठिकाणांचा क्रम रोज बदलायचा, डॉक्टर शेजारी बसणार. मी तोंडाला रुमाल बांधायचा.

रंगनाथ पहिला आला. आपले डोळे बांधून घेताना म्हणाला, "आता दोघंबी बांधलेलं. इचारनार कोन आन् सांगनार कोन?" डॉक्टर हसले. वीस ठिकाणांपैकी रंगनाथला दोन कळली. मागच्या तक्त्यात सतरा आहेत.

उठताना माझ्या खांद्यावर त्याने कोपर टेकवले. "रागावलास व्हय?" म्हणाला. रुमाल होता, बोलता आले नाही.

११ डिसेंबर.

बावीस जण झाले. साळूबाईला वीसपैकी एक कळले.

१६ डिसेंबर, शनिवार.

संपले. एक्केचाळीसपैकी नऊ जणांना खरोखर फरक पडला आहे. बत्तीस जणांना काहीच नाही. सरासरी काढायला बसलो तर डॉक्टरांनी कागद ओढून घेतला.

"सरासरी जाऊ दे. ते नऊ कोण, ते सांग."

केसपेपर काढले. दुपारभर दोघे जमिनीवर बसून होतो. वय नाही, गाव नाही, पुरुष-बाई नाही. चार वाजता डॉक्टरांनी एका रकान्यावर बोट ठेवले — हात बधिर होऊन किती दिवस झाले. नऊच्या नऊ सहा महिन्यांच्या आत आलेले. बत्तिसांपैकी एकही नाही.

"सगळेच बरे दिसत होते," म्हणाले, "म्हणून हे दिसलंच नव्हतं." मग पाठीला हात लावून उठले. "लोक येतात कधी? हात जळला, बोट झडलं की. त्याच्या आधी कोण येतो?"

नवा लेख लिहायला घेणार आहेत. माझे नाव ठेवले आहे. मी नको म्हणालो. "मग तक्त्यांची जबाबदारी कोणाची?" म्हणाले.

१ जानेवारी १९७३.

दिल्लीहून पोहोच. दोन ओळी. पदक दुसऱ्या कोणाला तरी. डॉक्टरांनी पत्र वाचून चष्म्याच्या घरात ठेवले. दुपारी नेहमीप्रमाणे चपलांचे माप घेत होते.

९ जानेवारी.

फारच थकवा. चाळीस दोरे कापले. हाताने धड धरवत नाहीत, सुटतात.

२० जानेवारी, शनिवार.

नव्या लेखाला निरोगी हातांचे आकडेही हवेत. आपल्या दोऱ्यावर निरोगी माणसाला वीसच्या वीस ठिकाणी कळते, हे दाखवावे लागेल. सोमवारी सगळ्या कामगारांची मोजणी. मोजणी सिस्टर घेतील, कारण मीही निरोगी हातांत मोडतो.

२२ जानेवारी, सोमवार. सकाळी अकरा.

माझी पाळी शेवटी. डोळे बांधलेले. सिस्टर पुढे वाकल्या की त्यांचे स्टूल कुरकुरते. रिकाम्या वेळी कुरकुरत नाही. उजवा हात झाला. डाव्याला स्टूल कुरकुरले. वाट पाहिली. पुन्हा कुरकुरले. हो म्हणता आले असते. दारातून रंगनाथ हळूच म्हणालाही, "व्हय म्हन की रं."

नाही म्हणालो.

सिस्टरांनी आकडा लिहिला नाही. पट्टी काढून मी लिहिला.

उजवा हात — वीसपैकी वीस.
डावा हात — वीसपैकी सोळा. करंगळीची चारही ठिकाणे शून्य.
सहा महिन्यांचे आठवडे, सव्वीस. १३ नोव्हेंबरच्या फोडापासून धरले तर —
गेले आठवडे, दहा.
उरलेले, सोळा.