रिक्षाच्या चार्जिंगवरून

आत्या,

तुमचा फोन लागंना म्हणून लिहून ठेवते. घरात लाईट नसंल, पण मेन स्विच चालू करू नका. शेडात वायर तुटून पडलीय.

दुपारी ह्यांनी रिक्षा अंगणात उभी करून शेडातल्या बोर्डावरून चार्जिंगला लावली व्हती. अमृत भाऊजी शेडात आले आन् म्हणाले, "दादा, तुझी रिक्षा समद्या घराची लाईट पिते. बिल बघ किती आलंय." हे एवढंच म्हणाले, "वेगळ्या मीटरचा अर्ज दिलाय, तोवर दम धर." भाऊजींनी कोयता उचलला आन् चालू वायरच तोडली. जाळ उडाला. दुसरा घाव बॅटरीवर घालाय निघाले, तर ह्यांनी हात आडवा घातला. दोन बोटं तुटून लोंबत्यात.

मग मी मुसळ घेतलं. भाऊजींच्या गुडघ्यावर घातलं, ते पडल्यावर परत घातलं. ह्यांना बाहेर ओढलं आन् शेडाला कडी लावली. भाऊजी आतच आहेत. शिव्या देत्यात, म्हणजे जिवाला धोका न्हाई. कोयता माझ्याजवळ आहे.

शेजारचे म्हस्कू नाना ह्यांचा हात बांधून रिक्षात मागं बसलेत. चार्जिंग अर्धंच झालंय, पण नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत जाईल. मीच चालवणार.

हे म्हणतात, पोलिसात जाऊ नको, आईला सोसायचं न्हाई. मी जाणार आहे.

तुमी दोघांचीबी आई आहात. खिडकीतून भाऊजींना पाणी द्या. कडी काढली, तर मात्र आमी ह्या घरात परत येणार न्हाई.

नंदा