पहिल्या कानाची चिठ्ठी

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, ७ जानेवारी २०२५, दुपार

प्रिय वाल्मीक,

कवितेच्या तासाला गुरुजी टेबलावर लाकडी पट्टी आपटून चाल धरायचे, तो आवाज आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. आत पट्टी, बाहेर मनमाडच्या यार्डातलं शंटिंग. मी डोळे मिटून कविता म्हणायचो आणि तू शेजारून कुजबुजायचास, "शाम्या, तिकडं डबा नीट जोडला नाही बघ." वर्गात बसून तुला ते कळायचं. कविता मात्र वर्षाकाठी एक पाठ झाली नाही.

तू बरा असशील असं धरून लिहितो. पत्ता तुमच्या जुन्या घराचा घालणार आहे, दुसरा मला माहीत नाही. शैलाला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी-जावई पुण्याला. माझ्याजवळ नात राहते, मृण्मयी. मनमाडला बँकेत लागली आहे आणि माझ्या जुन्या गाडीने रोज जाऊन येऊन करते. दोन तास तिकडे, दोन तास इकडे.

त्या गाडीबद्दलच लिहायचं आहे.

पंधरा दिवसांपूर्वी ती म्हणाली, "आजोबा, चढावर इंजिन ठोकतंय. तुम्ही ऐका ना, जन्मभर तेच केलंत." मला किती दिवसांनी कोणी काही विचारलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हर शोधून काढला. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, आपण कारखान्याच्या टेस्ट रूममध्ये धरायचो तशी. तिला रेस द्यायला लावली. पाच मिनिटं तसाच वाकून उभा राहिलो आणि निकाल दिला, "टॅपेट आहे. वरची हलकी टकटक. काही होत नाही, चालव."

"नक्की ना? की गॅरेजला दाखवू?"

"सातपूरला एकोणतीस वर्षं इंजिनं ऐकली आहेत बाई. गॅरेजवाला मला शिकवणार?"

हसली आणि कामाला गेली. तेव्हापासून रोज जाते आहे.

काल संध्याकाळी आमचा वॉचमन नाथा म्हणाला, "साहेब, मॅडमची गाडी लय ठोकते. गेटातनं आत आली का मला खोलीत कळतं." नाथाच्या खोलीत रेडिओ चालू असतो, तोही मोठ्याने, असं मृण्मयी सांगते.

आज सकाळी ती पुन्हा त्याच गाडीने गेली. मी बाल्कनीतून हात हलवला.

हे तुलाच लिहितोय, कारण आपली पद्धत आता तुझ्याशिवाय कोणाला सांगू? एका इंजिनाला दोन माणसं. तू पहिला कान, मी दुसरा. दोघांनी वेगवेगळं ऐकायचं, आपापली चिठ्ठी लिहायची, एकमेकाची बघायची नाही. दोन्ही जुळल्या तर इंजिन बाहेर, नाही जुळल्या तर खोलायचं. तू चिडवायचास, "मी इंजिन ऐकतो शाम्या, तू त्याच्या तालावर कविता म्हणतोस." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि मनात चरफडायचो, कारण ते खरं होतं.

एक्याण्णव सालच्या चौकशीत मी सांगितलं की तुझी चिठ्ठी माझ्या टेबलावर आलीच नाही. शैलालाही शेवटपर्यंत तेच सांगितलं.

थंडी यंदा चांगली पडली आहे. सकाळी गंगेवर, गोदाकाठी, धुकं असतं म्हणतात, मी जात नाही. गुडघे दुखतात.

चिठ्ठी आली होती, वाल्मीक. तुझं अक्षर, पेन्सिलीने: तिसऱ्या सिलिंडरला खालून जड ठोका, इंजिन सोडू नये. मी तोवर 'निर्दोष' लिहून सही केली होती. त्या संध्याकाळी कामगारांच्या संमेलनात मला कविता म्हणायची होती. ऐकायचा रॉड कानाला होता आणि डोक्यात तिसरं कडवं अडत होतं. मी ते इंजिन ऐकलंच नाही. न ऐकता सही केली, हे साहेबासमोर कसं सांगायचं? ट्रक भरायला उभा होता. तुझी चिठ्ठी मी खिशात घातली आणि म्हणालो, वाल्मीकही ठीक म्हणतोय, लिहायचं राहिलं त्याचं.

महिन्याने सिन्नरच्या रस्त्यावर त्या इंजिनाचा टेम्पो चालता चालता जाम झाला आणि उलटला. ड्रायव्हरचा पाय गेला. चौकशीत एकच चिठ्ठी सापडली, माझी. पहिल्या कानाने न ऐकताच तोंडी ठीक म्हटलं, असं ठरलं आणि तुला काढलं. तू तेव्हा माझ्याकडे नुसतं बघितलंस. मला वर्षभरात सुपरवायझर केलं. सत्कारात त्यांनी मला कविता म्हणायला लावली आणि मी म्हटली. एकही कडवं अडलं नाही.

आता आजचंही लिहून टाकतो. मृण्मयीच्या गाडीत मला टॅपेट ऐकू आलं नाही. काहीच ऐकू आलं नाही. इंजिन चालू आहे एवढं हाताला कळत होतं. दोन-तीन वर्षं झाली, कान गेले आहेत. मशीन आणलं आहे, कपाटात आहे. लोक बोलतात तेव्हा मी ओठांकडे बघून अंदाज बांधतो. इंजिनाला ओठ नसतात.

सहाला तिची बँक सुटते. सहाच्या आत फोन करून सांगायचं, गाडी तिथेच ठेव, आजोबांना ऐकू येत नाही. एवढंच वाक्य आहे. जन्मात किती लांबलचक कविता पाठ केल्या मी. फोन दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. आता पावणेपाच झालेत आणि मी कागद भरतो आहे.

मधे थांबलो होतो. मान वर केली तर दारात एक माणूस उभा. चाळीस-पंचेचाळीसचा, हाताला ग्रीस.

"काका, दार लोटलेलंच होतं. बराच वेळ वाजवलं. मी रोहित, वाल्मीक मिस्त्रींचा मुलगा."

त्याला पाणी दिलं. दोनदा बोलायला लावलं तेव्हा कळलं. सकाळी जाताना आवाज फारच वाढला म्हणून मृण्मयीने दुपारी बँकेतून लवकर निघून गाडी मनमाड स्टेशनजवळच्या गॅरेजला नेली. ते तुमचं निघालं. तू तिथे खुर्ची टाकून बसलेला असतोस म्हणे. तू ऐकलीस आणि सांगितलंस, खालचं बेअरिंग गेलंय. मग विचारलंस, आधी कोणी बघितली? तिने माझं नाव सांगितलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

रोहित फरशीकडे बघायला लागला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा वर बघून म्हणाला, "म्हणाले, त्यानं पास केली असेल तर गाडी जागची हलवू नका."

तिची गाडी तिथेच ठेवून तुमच्या गाडीने तिला सोडायला तो एकटाच निघाला होता. तू न बोलता येऊन मागे बसलास. आता खाली बसला आहेस, वर येणार नाही म्हणतोस. बाल्कनीतून पाहिलं. मृण्मयी काचेशी वाकून तुझ्याशी बोलते आहे. तू काय सांगतो आहेस ते इथून दिसत नाही.

पाकिटाची गरज राहिली नाही. हे कागद घेऊन उतरतो. एकवीस पायऱ्या आहेत, मला वेळ लागतो. रोहितला पुढे पाठवतोय, एवढ्यात गाडी सुरू करू नका असं सांगायला. सुरू झाली तर मला कळणार नाही.

'तुझा' असं लिहीत नाही.

शामसुंदर