परत आलेले लोक

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तू पाठवलेला स्वेटर तुझ्या लेकीला आखूड झाला. चौदाव्या वर्षी मुली भराभर वाढतात, हे इतक्या लांबून तुझ्या लक्षात येणार तरी कसं! माझा गुडघा आहे तसाच कुरकुरतोय.

शाळेत सध्या इतिहासाशी झटापट चालू आहे. मोठ्या वर्गाचा धडा तुझ्या लेकीच्या विशेष वर्गासाठी मीच सोपा करते. एका वाक्यात एकच गोष्ट, प्रत्येक वाक्याला चित्र, सनावळ्यांना फाटा. या वेळचा धडा एका वेढ्याचा होता. शहर पडतं, लोकांना हाकलून देतात आणि ते पुन्हा कधीच परतत नाहीत. अशा ठिकाणी माझी मुलं हमसून रडतात, म्हणून मी शेवटी एक चित्र घातलं: लोक घरी परत आले.

इतिहासाच्या सरांनी कागद पाहिला. "बाई, हे परत कधी आले?"

"मुलं रडतात हो, सर."

"मग रडू देत. सोपं करा म्हटलं होतं मी, खोटं नव्हे."

मी त्यांच्याशी चांगली कडाकडा भांडले. मग स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि मला तुझं पत्र आठवलं.

आडपडदा न ठेवता सांगते. मागच्या वर्षी तू लिहिलंस, की तू नवा संसार मांडलास, लेकीला तिकडे नेणं जमणार नाही, आणि हे मी तिला समजेल अशा भाषेत सांगावं. मी सांगितलं, दोन वाक्यांत. 'आईला खूप काम आहे. काम संपलं की आई येईल.' तेव्हापासून दर रविवारी ती वेणी घालून खिडकीशी बसायची. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत असायचे. तुझी लाज राखतेय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे तिचं रडणं मला झेपलं नसतं.

परवा त्या पत्रात काय होतं ते तिला सांगितलं. सोपं करून, पण काही न गाळता. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं:

"मावशी, तुला हे आधीच माहीत होतं?"

तीन वर्षं मी तिला 'आधी' आणि 'नंतर' शिकवतेय. चित्रांची कार्डं पोरगी हमखास उलटसुलट लावते. हे मात्र तिने बरोबर लावलं.

मी हो म्हटलं. तिने खिडकीजवळची खुर्ची उचलून टेबलाशी ठेवली. काल वर्गात मी धडा वाचायला घेतला, तर माझ्या हातातला कागद काढून तिने शेजारच्या मुलीला दिला. "तू वाच. मावशी खोटं वाचते."

तेव्हा ताई, यापुढे तिचे निरोप माझ्याकडे देऊ नकोस. फोन कर आणि तिच्याशी स्वतः बोल. जे काय असेल ते तिला तुझ्या तोंडून कळू दे. माझं कोणतंच बोलणं आता ती खरं धरत नाही. मी तिला सोडून कुठे जाणार नाही, हेसुद्धा.

तुझी,
धाकटी