एडिटिंग नाही, सफाई

१२ जुलै
भंडाऱ्याच्या छायाचित्र मंडळाची स्पर्धा जाहीर. विषय 'आपला धान'. निकाल १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी. नियम वाचून समाधान वाटलं. उजेड कमी-जास्त करा, कडा कापा, बस. फोटोत काही घालायचं नाही, फोटोतलं काही काढायचं नाही. फोटोग्राफरचं नाव किंवा नंबर दिसला तर फोटो बाद. असंच पाहिजे. मागच्या वर्षी अतुल पहिला आला, त्याचं आभाळ जांभळं होतं. साकोलीत मोबाइलचे कव्हर विकणारा माणूस. त्याला काय कळते फोटोग्राफी? सगळी सॉफ्टवेअरची मेहेरबानी.
संकल्प: यंदा एकही क्लिक एडिटिंग नाही आणि पहिला नंबर.
पासपोर्ट फोटोत गिऱ्हाइकाला थोडं गोरं करतो, ती गोष्ट वेगळी. ती माणुसकी.

२० जुलै
सासुरवाडी, आंधळगाव. धानाची रोवणी जोरात. सासूबाईंना, म्हणजे आनंदाबाईंना, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी देऊन बांधीतल्या पाण्यात उभं केलं. नेमका ढग आला. ढग सरेपर्यंत त्या उभ्याच. पायाला जळू चिकटली, तरी हलल्या नाहीत. बाकीच्या बाया चिडवत होत्या, की बुढी आता हिरोइन झाली. मी सांगितलं, भंडाऱ्यात मोठा फोटो लागेल तुमचा. एकटीचा काय, असं विचारलं त्यांनी. आजवर त्यांचा एकटीचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे म्हणे. घरात फोटोग्राफर जावई असून! पण मला कुणी कधी म्हटलंच नाही.
फोटो फर्स्ट क्लास आला.

२२ जुलै
कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि कपाळावर हात मारला. रोवणीत बाया लुगड्यावर जुना शर्ट घालतात. सासूबाईंनी काय घालावं? जाहिरातीसाठी मीच वाटलेला पिवळा टी-शर्ट. छातीवर 'घनश्याम डिजिटल फोटो, साकोली', खाली मोबाइल नंबर. अक्षरं लांबून दिसली पाहिजेत, असं छापणाऱ्याला मीच बजावलं होतं. दिसतात.
परत काढावा तर तिकडची रोवणी आज आटोपली.
अक्षरं पुसली. नाव नको असं नियमातच लिहिलं आहे. म्हणजे हे एडिटिंग नाही, नियमपालन आहे.

२४ जुलै
अक्षरं गेली, पण जागेवर फराटे राहिले. सासूबाईंच्या अंगावर कुणी वरण सांडल्यासारखं दिसते. पुष्कळ झटलो. शेवटी सासूबाईंनाच काढलं. सोबत विजेचा खांब. खांब लवकर निघाला.
याला एडिटिंग म्हणणारे म्हणोत. बिघडलेला भाग काढणं म्हणजे सफाई. पाण्याला मात्र मी बोटही लावलं नाही. पाणी जसं होतं तसं. कुठे थांबायचं हे ज्याला कळते तो कलाकार. अतुलला हे कोण सांगणार?

२५ जुलै
जागा ओकीबोकी दिसत होती. माझ्याच एका जुन्या फोटोतली सारसाची जोडी तिथे आणून उभी केली. स्वतःच्या घरचा धान स्वतःच्याच पोत्यात भरला तर त्याला कुणी चोरी म्हणते काय? सारस आपल्याकडे बांधीत उतरतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. त्या दिवशी आले नाहीत, हा त्यांचा दोष.
फोटो पाठवला. शीर्षक: 'जसं आहे तसं'.

२७ जुलै
बायकोने, मेघाने, विचारलं, आई कशी दिसते फोटोत? म्हटलं, फोटोवरून नजर हटत नाही. यात खोटं एक अक्षर नाही. तिने लगेच आंधळगावला फोन लावला. ही घाई कशाला पाहिजे होती? उद्या शांतपणे समजावून सांगतो.

३ ऑगस्ट
सांगायचं राहिलं. बारशाचा अल्बम होता.

८ ऑगस्ट
पहिल्या दहात! पण अतुलही. नाकाडोंगरीकडचा तलाव, काठाला धान, आणि आभाळ पुन्हा जांभळं. लाजलज्जा म्हणून काही? मंडळाचे सचिव भय्याजी यांना कडक पत्र लिहिलं. दहाही फोटोंचे दाराएवढे प्रिंट काढा आणि मूळ फाइली तपासा. मोबाइलवर काहीही खपते, मोठ्या प्रिंटमध्ये लबाडी लपत नाही. शेवटचं वाक्य जमलं आहे.
माझी मूळ फाइल? मेमरी कार्ड साफ करताना गेली. कामाच्या माणसाचं असं होते. माझ्यासारख्याला कोण विचारणार?

१२ ऑगस्ट
भय्याजींचा फोन. सूचना मंजूर. मला तत्त्वाचा माणूस म्हणाले. आता अतुलचं तोंड पाहण्यासारखं होणार.
संध्याकाळी मेघा म्हणाली, आई १९ तारखेला भंडाऱ्याला येऊन राहिली, रोवणीच्या सगळ्या बायांना घेऊन, टेम्पोने. नवीन लुगडंही घेतलं. मी म्हटलं, पावसापाण्याचे दिवस, म्हाताऱ्या माणसाला काहून त्रास?
"चिखलात उभी केली तवा म्हातारी नव्हती काय?"
मुद्दा सोडून बोलायची सवय आहे तिला.
प्लॅन: बाया टेम्पोतून उतरल्या की थेट समोशांकडे न्यायच्या. पोट भरलं की फोटो कोण पाहते?

१७ ऑगस्ट
भाषण तयार. 'छायाचित्रकाराचं इमान'. अतुलकडे पाहून म्हणायची वाक्यं वेगळ्या शाईने लिहिली. सासूबाईंना सांगायला एक वाक्य शोधतो आहे. ते काही सापडत नाही.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
समोसे लवकर संपले.
अतुलने कुणी मागायच्या आधीच मोबाइलमधली मूळ फाइल दाखवली. तिच्यातही आभाळ जांभळंच. परीक्षकांनी माना डोलावल्या. कसले परीक्षक! मला विचारल्यावर मी म्हटलं, फाइल घरी आहे.
तेवढ्यात सासूबाई माझ्या फोटोसमोर. नवीन लुगडं, डोक्याला तेल. फोटो जवळून पाहिला, मागे सरून पाहिला, पुन्हा जवळ गेल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "मी कोठी आहो, जवाईबापू?"
म्हटलं, इथे उजेड कमी आहे. मेघाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे लिहीत नाही. मी त्यांना पुढच्या फोटोकडे वळवणार, तर सासूबाई वाकल्या. मान वाकडी केली. सारसांच्या पायांखाली, पाण्यात, काहीतरी पिवळं होतं. टी-शर्ट, पेंडी, तोंड, सगळं. पाण्याला मी हात लावला नव्हता ना.
"हे पाहा व बायांनो, मी! उलटी आहो, पन मीच आहो!"
इथवर ठीक होतं. पण त्यांनी दिसेल त्याला बोलावून दाखवायला सुरुवात केली. बाया झाल्या, परीक्षक झाले, मग भय्याजींची बाही धरून त्यांनाच फोटोसमोर उभं केलं. भय्याजींनी मोबाइलमध्ये फोटो घेतला, उलटा केला, आरशासारखा पलटवला आणि मोठ्याने वाचलं: घनश्याम डिजिटल फोटो, साकोली. नंबरही वाचला. म्हणजे एडिटिंग त्यांनीच केलं, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
मग माइकवर गेले आणि म्हणाले, मोठ्या प्रिंटमध्ये लबाडी लपत नाही. वाक्य माझं होतं. तेही सांगितलं त्यांनी, नावासकट.
फोटो बाद. पहिला अतुल. भाषण खिशात राहिलं. बाहेर आलो तर वैनगंगेवर आभाळ जांभळं. योगायोग.

२२ ऑगस्ट, पोळा
सासुरवाडीला जावंच लागलं. मेघा माझ्याशेजारी नाही, टेम्पोत मागे बसली.
बाद फोटोचा प्रिंट बायांनी त्याच दिवशी मागून आणला होता. सासूबाईंच्या घरात समोरच्या भिंतीवर लावला आहे. उलटा. आभाळ खाली, सारस पाय वर करून लटकलेले, आणि वर सासूबाई सरळ उभ्या, हातात पेंडी घेऊन. बैल घेऊन दाराशी येणारा प्रत्येक जण थांबून पाहतो. सासूबाई सगळ्यांना सांगतात, माझ्या जावयाची कला आहे. एकदाही मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी पटवून दिलं असतं.
इतका मोठा प्रिंट उलटा, फोटोग्राफरच्या सासुरवाडीत! राहवलं नाही. सरळ करायला उठलो.
"राहू द्या, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "त्याले हात नोका लावू."
बसलो. कान गरम झाले होते. उकाडा फार आहे यंदा.