डॅशबोर्डवरचं टेंगूळ

बुधवार, २७ ऑक्टोबर २००४

आज पुन्हा तेच. भाऊच्या धक्क्यावरून निघालो, ऊन समोरच्या काचेतून थेट मांडीवर. मालकीण सोनूबाई शेजारच्या सीटवर पदराने वारा घेतेय. मागे बसायचं तिला जमत नाही. लालबागला म्हणाली, "गुणाजी, तू एसी बंद करतो का रं?"

मी कशाला बंद करू! दसऱ्याला नव्या गाडीची चावी देताना शोरूमवाल्याने बजावलं होतं — एकदा आकडा लावा आणि हात लावू नका, ऊन वाढलं की गाडी आपणहून गार करते. तसाच लावून ठेवलाय. मी दाखवलं तिला. म्हणते, "मग मना घाम का सुटतो?"

मला काय ठाऊक! कापडगिरणीच्या साचेखात्यात अठराव्या वर्षी लागलो. तिथे माग चालायचे आणि वरून वाफ सोडायचे, सूत तुटू नये म्हणून. त्यापुढे हे ऊन म्हणजे काहीच नाही. मला गाडीत गरम होत नाही, तर तो पण माझाच गुन्हा.

शुक्रवार, २९

हरेश्वर आज मुद्दाम मागे बसून आला. सोनूबाईचा एकुलता मुलगा, धंद्याचा हिशेब तोच बघतो. वरळीला घरी पोचेपर्यंत त्याच्या शर्टाची पाठ भिजली. उतरताना माझ्यासमोर आईला म्हणाला, "हा वाटेत एसी कमी करतो. पेट्रोल वाचवतो आणि बाहेर विकतो. सगळे ड्रायव्हर करतात."

सोनूबाई पदराने मान पुसत राहिली. हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. ते जास्त लागलं. पाच वर्षं तिच्या मासळीचा टेम्पो चालवला. पापलेटाचं एक शेपूट इकडचं तिकडे झालं नाही. नवरा गेल्यावर एकटीने धंदा उभा केलेली बाई, माणूस ओळखते असं मी सगळ्यांना सांगायचो.

शनिवार, ३०

दुपारचा डबा तसाच परत नेला.

सोमवार, १ नोव्हेंबर

गाडी गॅरेजात नेली. हरेश्वर सोबत. बुधाजी मिस्त्री भला माणूस, गाडी आत शेडमध्ये घेतली, नळ्या तपासल्या, गॅस तपासला, पुढची सगळी जागा पुसून घेतली. डॅशबोर्डवरची देवीची मूर्ती काढून बाजूला ठेवली, नमस्कार करून. अर्धा तास एसी चालवला. बर्फाच्या गोदामासारखी गार! बुधाजी म्हणाला, "गाडीत काही नाही." देवी परत जागेवर बसवली, गाडी दिली.

हरेश्वर माझ्याकडे बघून हसला. गाडीत काही नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे. दिवाळी होऊन जाऊ दे, म्हणाला, मग बघू. बदली माणूस त्याने बघून ठेवलाय, हे मला धक्क्यावरच्या लोकांकडून कळलं.

बदली! मिलमध्ये मी पण बदलीवरच सुरू केलं होतं. संप झाला, मिल गेली, त्यानंतर वॉचमन झालो, भाजीची गाडी लावली, कुरिअर केलं. उपाशी झोपलो असेन, पण चोर मला कोणी म्हटलं नव्हतं.

घरी बायकोला, रखमाला सांगितलं. ती मसाला चाळत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "नोकरी गेली तर जाव दे. पण तेंच्या तोंडातसून चोर नाय ह्या ऐकल्याबिगर तुमी सोडू नुको." मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवार, ३

सोनूबाई आज टॅक्सीने गेली. मला सांगितलं पण नाही. गाडी पुसून काढली, आणि परत पुसली.

शनिवार, ६

हे नीट लिहायला पाहिजे.

आधी देवीचं सांगतो. डॅशबोर्डवर, काचेला लागून, एक काळं टेंगूळ आहे, बोराएवढं. गाडी घरी आली त्याच दिवशी सोनूबाईने ते बघितलं आणि खूश झाली. "बघ, कंपनीनंच आईला पाट ठेवलाय." पितळेची एकवीरा आई आणली, खालून पोकळ, ती टेंगळावर अशी बसली की माप घेऊन घडवल्यासारखी. चिकटपट्टी लावून पक्की केली. मीच धरून बसलो होतो, हलू नये म्हणून.

आज दुपारी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला उभे. ऊन भाजत होतं. चिकटपट्टी सुटली आणि आई हळूच कलंडून सोनूबाईच्या मांडीवर. बाई किंचाळली. आणि त्याच क्षणी — एसीने जो जोर धरला! वाऱ्याने तिचा पदर उडाला. मी घाबरलो, बटणाकडे बोट गेलं नाही माझं, शपथ.

सोनूबाईने आईला कपाळी लावून परत टेंगळावर ठेवलं. जरा वेळाने वारा मंदावला. तिने परत उचललं. परत जोर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, मागचे हॉर्न मारतायत. शेवटी हवालदाराने काचेवर दांडा आपटला.

तसेच गॅरेजात गेलो. बुधाजीने कपाळावर हात मारला. म्हणाला, "ते टेंगूळ म्हणजे गाडीचा डोळा. ऊन किती पडतंय ते बघतो आणि तेवढं गार करायला सांगतो. तुम्ही त्यावर देव बसवलात. गाडीला वाटतंय सावलीच आहे. आणि मी मूर्खाने शेडमध्ये तपासली, परत माझ्याच हाताने झाकली."

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला आणि रडलो. चहावाला म्हणाला, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, राहिलो.

सोनूबाईने देवीला माझ्या बाजूला, कोपऱ्यात बसवलं. टेंगळापासून लांब. घरी पोचल्यावर हरेश्वरला गल्लीत, शेजाऱ्यांसमोर हाक मारली. "हा माणूस चोर नाय. मीच आईला कुठं बसवावं ते बघितलं नाय. तू माफी माग." त्याने मागितली. खाली बघून, पण मागितली.

रविवार, ७

सुट्टी. रखमाने सुरमई केली. मी तीन माणसांचं जेवलो.

सोमवार, १५

भाऊबीज. दिवाळी छान गेली. सोनूबाईने रखमाला साडी दिली, हिरवी, काठाची. गाडी आता अशी गार होते की मी आतून स्वेटर घालतो. बाई हसते, "गिरणीतला माणूस थंडीने मेला असं व्हायचं रं." बदली माणसाचं नाव कोणी काढत नाही. किती दिवसांनी मला शांत झोप लागली.

बुधवार, १७

धक्क्यावरून निघालो. गाडी गार, माझी बोटं स्टिअरिंगवर आखडलेली. सोनूबाई म्हणाली, "गुणाजी, एसी लाव ना."

"चालू आहे बाई."

"मग मना घाम का सुटतो?"

आधीची गोष्ट असती तर मी बटणाकडे बघितलं असतं. आज तिच्याकडे बघितलं. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ओठ राखेसारखे. एक हात जबड्याशी. वरळीचा रस्ता सोडला, काही न विचारता परळला वळवली, इस्पितळाच्या दारात हॉर्न दाबून धरून उभा राहिलो. स्ट्रेचर येईपर्यंत तिने माझी बाही सोडली नाही.

गुरुवार, १८

वाचली. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. हरेश्वर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग डॉक्टरांनी विचारलं, दुपारी असा घाम याआधी यायचा का? हृदयाचं हे बरेच दिवस चालू असणार.

हरेश्वर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, यायचा. आम्ही गाडी दुरुस्त करत होतो.